खरकट्या पाण्यातून विज्ञान शोधणाऱ्या आग्नेस पोकेल्स

आग्नेस पोकेल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिसमध्ये झाला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. मलेरियाने त्यांची तब्येत ढासळली आणि १८७१ मध्ये कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात आलं. शाळेत आग्नेस यांना पदार्थविज्ञानाची ओढ लागली, पण तेव्हा तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेशच नव्हता. पुढे दारं उघडली, तर आईवडिलांनी घरीच थांबायला सांगितलं. आजारी आईवडिलांची सेवा आणि घरकाम त्यांच्या वाट्याला आलं. धाकटा भाऊ फ्रिट्झ मात्र गटिंगेनला पदार्थविज्ञान शिकला. त्याच्याकडून पुस्तकं मिळवून त्या वाचत.

भांडी घासताना तेल-साबणाने पाण्याचा पृष्ठभाग बदलतो, हे घरोघरी दिसतं. आग्नेस यांनी ते मोजलं. विशीत असतानाच त्यांनी पत्र्याचं उथळ पात्र तयार केलं. ते काठोकाठ भरायचं, वर पत्र्याची पट्टी आडवी ठेवायची आणि ती सरकवत तेलकट थर दाबत न्यायचा. पाण्याला टेकलेली छोटी चकती उचलायला तराजूवर किती वजन लागतं, त्यावरून पृष्ठताण कळे. थर विरळ असेपर्यंत ताण फारसा बदलत नसे. एका ठरावीक मर्यादेनंतर मात्र तो झपाट्याने उतरे. तिथे रेणू एकमेकांना खेटून, एकाच थरात उभे राहिलेले असतात, हे पुढे स्पष्ट झालं.

जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांना जर्मनमधून पत्र लिहिलं. रॅले स्वतः याच विषयावर काम करत होते. पत्नीकडून भाषांतर करवून घेऊन त्यांनी ते 'नेचर'कडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं.

अमेरिकेत अर्विंग लँगम्यूर यांनी तसंच पात्र सुधारून वापरलं. १९३२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी सत्तरीतल्या आग्नेस यांना ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. पात्र मात्र लँगम्यूर यांच्याच नावाने ओळखलं जातं. आग्नेस १९३५ मध्ये वारल्या.

लँगम्यूर यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी असे थर पाण्यावरून उचलून काचेवर चढवले. १९७१ मध्ये मान आणि कून यांनी एकाच रेणूच्या जाडीचा थर दोन धातूंच्या इलेक्ट्रोडमध्ये ठेवून त्यातून जाणारी वीज मोजली. रेणू जितका लांब, तितकी वीज झपाट्याने कमी. रेणूंमधून वीज कशी वाहते, याचा अभ्यास आज जगभर चालतो. त्यासाठी अनेकदा रेणू आधी नीट ओळीने उभे करावे लागतात. ते काम एका बाईने घरच्या पाण्यावर, कुठल्याही पदवीशिवाय, कधीच सुरू केलं होतं.