गुहेतला राजा आणि त्याचे घर



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा समितीचा निरोप दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी ब्लॉकचे कारण सांगून सुटतो. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. रूळ, स्लीपर आणि गिट्टी यांच्या अहवालापलीकडे लेखणी चालवायची सवय नाही. यंदा मात्र लिहायला बसलो, त्याला कारण माझी धाकटी मुलगी.

सहामाहीत गणितात गुण कमी पडले म्हणून ती रुसून बसली होती. मी तिला आमच्या गुरुजींनी सांगितलेली गोष्ट सांगितली. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस लढाया हरून गुहेत लपला होता. तिथे एक कोळी जाळे विणताना पुन्हा पुन्हा पडत होता, पण शेवटी त्याला यश आले. ते पाहून राजाने पुन्हा तलवार उचलली. मुलीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, की राजा गुहेत होता तेव्हा त्याच्या घरचे कुठे होते? मला उत्तर देता आले नाही. मग सवड मिळेल तशी पुस्तके वाचली. जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

ब्रूस घराणे मूळचे फ्रान्समधल्या नॉर्मंडीचे. स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याने ११२४ च्या सुमारास या घराण्याला दक्षिणेकडची अ‍ॅनन्डेलची जहागीर दिली. पुढे डेव्हिडच्या वंशातलीच एक मुलगी, इझाबेला, या घरात सून म्हणून आली. रॉबर्टची ती पणजी. तिच्यामुळे ब्रूस घराण्याचा गादीशी संबंध जुळला. रॉबर्टचा जन्म ११ जुलै १२७४ चा.

१२८६ च्या मार्च महिन्यात राजा तिसरा अलेक्झांडर वादळी रात्री घोड्यावरून जाताना पडून मेला. त्याची तिन्ही मुले आधीच गेली होती. उरली नॉर्वेतली लहानगी नात, तीही १२९० मध्ये वाटेतच वारली. मग वारसाचा तंटा उभा राहिला. एकीकडे इझाबेलाच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचा मुलगा जॉन बॅलिअल, दुसरीकडे खुद्द इझाबेलाचा मुलगा, म्हणजे आपल्या रॉबर्टचे आजोबा. थोरल्या पातीचा मान मोठा की एका पिढीने जवळचे नाते मोठे? ज्यांच्या गावाकडे भाऊबंदकीची कज्जेदलाली चालली आहे त्यांना हा वाद समजावून सांगायला नको. निवाड्यासाठी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याला बोलावले गेले. त्याने १२९२ मध्ये बॅलिअलला गादी दिली, १२९६ मध्ये चढाई करून ती काढूनही घेतली आणि स्कॉटलंड आपल्या टाचेखाली आणले.

इथे रॉबर्टबद्दल एक गोष्ट लपवून चालणार नाही. तो सुरुवातीपासून स्वातंत्र्यवीर नव्हता. १२९६ मध्ये तो एडवर्डच्या बाजूला होता, १२९७ मध्ये बंडात सामील झाला, १३०२ मध्ये पुन्हा एडवर्डला शरण गेला. १० फेब्रुवारी १३०६ रोजी डम्फ्रीसच्या चर्चमध्ये त्याच्या हातून प्रतिस्पर्धी जॉन कॉमिनचा खून झाला. देवळात रक्त सांडल्यावर परतीची वाट उरली नाही. सहा आठवड्यांतच, २५ मार्चला, त्याने स्कून येथे राज्याभिषेक करवून घेतला.

जूनमध्ये मेथ्व्हेन येथे इंग्रजांनी त्याच्या छावणीवर अचानक हल्ला करून सैन्य उधळून लावले. राजा पळाला, बेटांच्या आश्रयाला गेला. गुहा आणि कोळी असतील तर याच हिवाळ्यातले. मात्र त्याच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांत जॉन बार्बर याने त्याच्यावर जे दीर्घकाव्य रचले, त्यात कोळी कुठेच नाही. राजाशी जोडलेली ही गोष्ट सर वॉल्टर स्कॉट यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या नातवासाठी लिहिलेल्या पुस्तकातून जगभर गेली.

आणि घरचे? बायको एलिझाबेथ, पहिल्या बायकोची मुलगी मार्जरी आणि बहिणी उत्तरेकडे पळताना पकडल्या गेल्या. बहीण मेरी हिला रॉक्सबरोच्या किल्ल्यावर पिंजऱ्यात ठेवले. ज्या इझाबेला नावाच्या सरदारपत्नीने राज्याभिषेकात भाग घेतला होता, तिला बेरिकच्या किल्ल्यावर तशाच पिंजऱ्यात सुमारे चार वर्षे डांबले. मार्जरी तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षांची होती. तिच्यासाठीही लंडनच्या टॉवरमध्ये पिंजऱ्याचा हुकूम निघाला होता. तो पुढे बदलला आणि तिला जोगिणींच्या मठात नजरकैदेत ठेवले. भाऊ नील याला १३०६ मध्ये, तर थॉमस आणि अलेक्झांडर यांना १३०७ मध्ये मृत्युदंड दिला गेला. राजा गुहेत होता तेव्हा त्याच्या घरचे असे ठिकठिकाणी होते.

१३०७ मध्ये ब्रूस परतला तो वेगळ्या रीतीने लढू लागला. हे मला इंजिनीयर म्हणून भावले. एकदा खचलेला भराव कारण न शोधता पुन्हा तसाच घातला, तर पुढच्या पावसात पुन्हा खचतो. ब्रूसने उघड्या मैदानातली लढाई टाळून गनिमी कावा धरला. परत घेतलेले किल्ले शत्रूच्या कामी येऊ नयेत म्हणून तो ते पाडून टाकी. गडकोट जपायची आपली शिकवण, त्यामुळे हे वाचून मी चकित झालो. २३ आणि २४ जून १३१४ रोजी स्टर्लिंगजवळ बॅनकबर्न येथे मात्र त्याने समोरासमोर लढाई दिली, पण जागा स्वतः निवडून. वाटेवर खड्डे खणून झाकले, ओढा आणि दलदल यांच्यामध्ये इंग्रज घोडदळाला कोंडले, पुढे लांब भाल्यांच्या दाट रांगा उभ्या केल्या. कितीतरी मोठे सैन्य घेऊन आलेला दुसरा एडवर्ड जीव घेऊन पळाला.

या विजयात हाती लागलेल्या एका बड्या इंग्रज सरदाराच्या बदल्यात बायको, मुलगी आणि बहिणी आठ वर्षांनी घरी आल्या. बेरिकची इझाबेला मात्र परतणाऱ्यांत नव्हती. उरलेला एकुलता भाऊ एडवर्ड १३१८ मध्ये आयर्लंडमध्ये मारला गेला. १३२८ च्या तहाने इंग्लंडने स्कॉटलंडचे स्वातंत्र्य मान्य केले आणि ७ जून १३२९ रोजी राजा वारला. त्याचा देह डनफर्मलिनला पुरला. काळीज जेरुसलेमकडे न्यायला निघालेला सरदार जेम्स डग्लस १३३० मध्ये स्पेनमध्ये पडला. ते काळीज परत आणून मेलरोजच्या मठात ठेवले.

आता वंशाचे सांगतो. मार्जरीचे लग्न वॉल्टर स्ट्युअर्टशी झाले. स्ट्युअर्ट म्हणजे राजाचा वंशपरंपरागत कारभारी. आपल्याकडे फडणीस, चिटणीस ही पदे आडनावे झाली, तसेच हे. १३१६ मध्ये तिला मुलगा झाला. त्यानंतर ती फार जगली नाही. पुढे १३२४ मध्ये राजाला एलिझाबेथपासून डेव्हिड हा मुलगा झाला. म्हणजे मामा भाच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान! हा डेव्हिड राजा झाला, पण १३७१ मध्ये निपुत्रिक वारला. तेव्हा मार्जरीचा मुलगा पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला. त्याच स्ट्युअर्ट घराण्यातला सहावा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडचाही राजा झाला आणि आजचे ब्रिटिश राजघराणेही त्याच वंशातले आहे. ज्या मुलीसाठी इंग्लंडच्या राजाने पिंजऱ्याचा हुकूम काढला, तिचेच वंशज इंग्लंडच्या गादीवर बसले.

मुलीला हे सगळे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, की गुरुजींनी मार्जरीची गोष्ट सांगायला हवी होती. मला ते पटले. कोळ्याची चिकाटी खरी, पण त्या चिकाटीची किंमत घरच्यांनी मोजली आणि गोष्टीत त्यांचे नावही राहिले नाही.

आपण तर साधी नोकरदार माणसे. तरी रात्रीच्या ब्लॉकवर असताना किती वाढदिवस, किती तापाच्या रात्री घरच्यांनी एकट्याने काढल्या, याचा हिशेब मी कधी ठेवला नव्हता. दरवर्षी आरतीच्या वेळी कॉलनीतले निम्मे लोक ड्यूटीवर असतात आणि ताट घरच्यांच्याच हाती असते. यंदा मी आधीच ड्यूटी बदलून घेतली आहे. विसर्जनाला मुलीसोबत येईन.

गणपती बाप्पा मोरया!