सेनापती बापट आणि मुळशीचे धरण

सेनापती म्हटलं की आपल्याला घोडा, तलवार आणि मोठी फौज आठवते. पण एक सेनापती असे होऊन गेले की त्यांची फौज म्हणजे साधे शेतकरी, बायका आणि पोरं होती. त्यांचे नाव सेनापती बापट.

त्यांचे पूर्ण नाव पांडुरंग महादेव बापट. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर या गावी झाला. पारनेर आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात आहे. या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. पांडुरंग शाळेत लई हुशार होते. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ साली ते बोटीने विलायतेला गेले. तिथे एडिंबरो शहरात ते इंजिनिअरचे शिक्षण घेऊ लागले.

पण झालं काय, तिथे त्यांनी इंग्रजांच्या राज्याविरुद्ध भाषण केलं. त्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. तरी ते घाबरले नाहीत. पॅरिसला जाऊन ते बाँब करायला शिकले आणि १९०८ साली मायदेशी परत आले. पोलीस मागावर असल्यामुळे त्यांना लपूनछपून राहावं लागलं. पुढे ते पकडलेही गेले. सुटल्यावर पारनेरला ते रोज पहाटे उठून हातात झाडू घेत आणि गावचे रस्ते झाडत. विलायतेत शिकलेला माणूस गाव झाडतो, याचं लोकांना नवल वाटायचं. कोणतंही काम हलकं नसतं हे त्यांनी तोंडाने नाही, हाताने शिकवलं.

आता मुळशीची गोष्ट सांगते. पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या डोंगरात मुळशीचे खोरे आहे. तिथे मुळा आणि निळा या नद्यांचा संगम होतो. तिथे पाऊस भरपूर पडतो आणि भाताचे पीक चांगले येते. तिथल्या शेतकऱ्यांना मावळे म्हणतात. शिवाजी महाराजांबरोबर लढले त्यांचेच हे वंशज.

टाटा कंपनीने तिथे मोठे धरण बांधायचे ठरवले. मुंबईच्या गिरण्यांना वीज पाहिजे होती. डोंगरावर पाणी साठवायचे आणि मोठ्या नळांतून ते खाली कोकणात भिरा या गावी सोडायचे. पाणी सुमारे ५०० मीटर खाली पडते. एवढ्या जोराने पडलेल्या पाण्याने चक्रे फिरतात आणि वीज तयार होते. युक्ती चांगली होती. पण त्या पाण्यात बावन्न गावांची घरे, शेते, देवळे बुडणार होती. गावच्या लोकांना कोणी नीट विचारलंच नाही. सरकार इंग्रजांचं होतं आणि १८९४ च्या कायद्याने ते जमीन ताब्यात घेऊ शकत होतं. पुष्कळ जमीन सावकारांच्या नावावर होती. म्हणजे पैसे सावकाराला मिळणार आणि कसणारा मात्र उघड्यावर पडणार.

मग मावळ्यांनी सत्याग्रह करायचा ठरवला. १६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. बायकाही मागे राहिल्या नाहीत, त्यासुद्धा तुरुंगात गेल्या. या लढ्याचे पुढारी बापट होते. म्हणून लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. काम काही दिवस थांबलं, पण पुन्हा सुरू झालं. सावकारांनी मोबदला घेतला. हळूहळू लोक थकले. पोट भरायचं की तुरुंगात जायचं, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

बापट मात्र थकले नाहीत. ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. १९२४ साली त्यांनी रुळावर दगड रचून कंपनीची आगगाडी अडवली. त्यासाठी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असताना १९२७ साली धरण पुरं झालं. गावं पाण्याखाली गेली. १९३१ साली बापट सुटले, तेव्हा ज्या शेतांसाठी ते भांडले तिथे सगळं पाणीच पाणी होतं.

ते तरीही घरी बसले नाहीत. १९३८ साली हैदराबाद संस्थानातल्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा पुण्यात त्यांच्या हस्ते तिरंगा फडकला. वयाची सत्तरी उलटल्यावरही ते १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहात गेले. संयुक्त महाराष्ट्रासाठीही ते लढले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. १९७७ साली त्यांचे पोस्टाचे तिकीटही निघाले.

मुळशीचे धरण आजही आहे. भिऱ्याला वीज तयार झाल्यावर ते पाणी कुंडलिका नदीला मिळते. पुढे ते शेतीला आणि कारखान्यांना उपयोगी पडते. कोलाडजवळ लोक त्याच पाण्यात रबरी होडीतून मजा करतात. पावसाळ्यात मुळशीला सहली जातात. पाण्याकडे पाहून लोक खूष होतात, पण खाली गावं आहेत हे पुष्कळांना माहीत नसतं.

आपल्या गेवराई तालुक्यातही धरणाचं पाणी येतं. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा आपल्या तालुक्यातून माजलगावकडे जातो. त्या धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. त्या पाण्यावर ऊस, कापूस पिकतो. पण नाथसागरातही कित्येक गावं बुडाली आहेत. त्या लोकांनी जमिनी दिल्या, म्हणून आपल्याकडे पाणी आलं. माझी आजी म्हणते की पाणी सांडू नये, त्यात कोणाचं तरी घर असतं. सेनापती बापट वाचल्यावर मला तिचं बोलणं समजलं.

धरण नको असं नाही. धरणाशिवाय आपल्या दुष्काळी भागाचं कसं होणार? पण ज्याची जमीन जाते त्याला आधी विचारलं पाहिजे आणि त्याला दुसरी जमीन, दुसरं घर दिलं पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी हे सांगायला एक माणूस रुळावर उभा राहिला. तो हरला असं मला वाटत नाही. धरणग्रस्तांना पुन्हा वसवण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला आणि जमीन घेण्याचा इंग्रजांचा जुना कायदा जाऊन २०१३ साली देशात नवा कायदा झाला. मुळशीच्या मावळ्यांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.



– इयत्ता चौथीची विद्यार्थिनी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, उमापूर