दगडांचे वाचक : स्टीफन हिस्लॉप

वाशिम जिल्ह्यात विहीर खणू लागले, की काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरुमाखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा होय. नागपूरपासून सह्याद्रीपर्यंत त्याचे थरांवर थर पसरले आहेत. हा लाव्हा समुद्राच्या तळाशी ओतला गेला की उघड्या भूमीवर, असा प्रश्न एकोणिसाव्या शतकात विद्वानांना पडला होता. त्याचा उलगडा करण्यास ज्यांनी हातभार लावला, त्यांत स्टीफन हिस्लॉप हे प्रमुख होत.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपुरास आले. त्यांनी मराठी भाषा आत्मसात केली व १८४६ मध्ये शाळा काढली. कामातून सवड मिळताच ते हातोडी घेऊन रानोमाळ हिंडत.

नागपूरजवळ टाकळी येथे व सीताबर्डीच्या टेकडीवर त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना काळ्या खडकांच्या मध्ये गाळाचा एक पातळ थर आढळला. त्यात चिमुकले शंख होते. ते खाऱ्या पाण्यातले नव्हते, गोड्या पाण्यातले होते. त्यावरून त्यांनी ताडले, की येथे पूर्वी तळे होते आणि वरचा लाव्हा त्या तळ्यावर पसरला. खालचा खडक मात्र मागाहून आत घुसला असावा, असे त्यांना वाटले. तोही आधीचा लाव्हाच होता, हे पुढील संशोधकांनी दाखवून दिले. शास्त्राची वाट अशीच चुका दुरुस्त करीत पुढे जाते.

गोंड लोकांची भाषा व चालीरीती यांविषयीही हिस्लॉप यांनी पुष्कळ माहिती जमविली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतत होते. पावसाने ओढ्याला अकस्मात पूर आला होता. त्या पुरात ते बुडाले. शेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चारच दिवस उरले होते. त्यांची गोंडांविषयीची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. १८८३ मध्ये नागपुरात निघालेले हिस्लॉप कॉलेज त्यांचे नाव आजही चालवीत आहे.

हिस्लॉप यांनी शंखांना विचारले, आजचे शास्त्रज्ञ खुद्द पाषाणालाच विचारतात. टायटॅनियम, झिर्कोनियम, यिट्रियम यांसारखी मूलद्रव्ये त्यात किती आहेत, हे ते मोजतात. कारण समुद्रतळ दुभंगतो तेथील लाव्हा, दोन भूपट्ट एकमेकांवर आदळतात तेथील लाव्हा आणि भूपट्टाच्या मध्यभागी उसळलेला लाव्हा यांची घडण निरनिराळी असते. अशा शोधांवरून असे दिसते, की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना खोलवरून उसळलेल्या तप्त रसाने ही भूमी झाकली.

विहिरीतून निघालेला काळा दगड आपण बांधावर टाकून देतो. पण त्याच्या पोटात एवढी मोठी कथा दडलेली असते. ती वाचावयास हिस्लॉप यांच्यासारखी जिज्ञासू दृष्टी मात्र हवी.