निष्काम कर्माचे तपस्वी : महर्षी धोंडो केशव कर्वे

ज्या घरातील सर्वांत असहाय मनुष्य दुःखी आहे, त्या घरातील पूजाअर्चा भगवंतास कशी रुचावी ? वृद्ध मातापिता, पांगळा बंधू, पतिवियोगाने निराधार झालेली भगिनी किंवा सून, यांचे सर्व बळ घरच्यांच्या सद्बुद्धीवर अवलंबून असते. ती सद्बुद्धी लोपली म्हणजे त्यांचे गाऱ्हाणे ऐकण्यास कोणी उरत नाही. बाहेरच्या शत्रूने दिलेला त्रास सर्वांस दिसतो. स्वकीयांनी केलेली उपेक्षा मात्र चार भिंतींच्या आत झाकली जाते. ही झाकलेली उपेक्षा ओळखून तिच्या निवारणार्थ ज्यांनी सारे आयुष्य वेचले, त्या महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे चरित्र प्रत्येक गृहस्थाने चिंतन करावे असे आहे.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी झाला. त्यांचे घराणे मुरूडचे. घरची स्थिती गरिबीची, परंतु मातापिता स्वाभिमानी व सदाचारी होते. शालेय परीक्षेसाठी हा कृश बालक मित्रांसमवेत डोंगर व घाट ओलांडून सुमारे ११० मैल पायी चालत साताऱ्यास गेला. आणि तेथे तो वयाने लहान दिसतो एवढ्याच कारणावरून त्यास परत पाठविण्यात आले. तरीही त्याने धीर सोडला नाही. पुढे मुंबईत शिकवण्या करून, अर्धपोटी राहून, त्यांनी १८८४ साली गणित हा विषय घेऊन पदवी मिळविली. चालत राहणे आणि अपयशाने न खचणे, हे दोन गुण त्यांच्या अंगी बाळपणीच मुरले होते. पुढील सर्व कार्य त्याच दोन गुणांवर उभे राहिले.

त्या काळी बालविवाहाची रूढी होती. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुलींवरही वैधव्य कोसळत असे. पती म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच त्यांचे केशवपन होई. जाडेभरडे वस्त्र, एक वेळचे अन्न, दिवसभर घरकाम आणि मंगलकार्यात तोंड न दाखविण्याची सक्ती, असा त्यांचा जन्म जाई. एकत्र कुटुंबातील मिळकतीत विधवेस वाटा नसे, केवळ पोटगीचा हक्क असे. तो हक्कही मागावा कोणाकडे आणि कसा, हे तिला ठाऊक नसे. विद्या नाही, द्रव्य नाही, माहेरी आधार नाही, अशा स्थितीत तिचा छळ झाला तरी ती घर सोडून जाणार कोठे ? तिच्या दुःखाचे मूळ या निरुपायात होते, हे अण्णासाहेबांनी अचूक ओळखले.

१८९१ साली त्यांची प्रथम पत्नी राधाबाई दिवंगत झाली. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुनश्च संसार करावयाचा तर एखाद्या अजाण कुमारिकेचे जीवन आपल्या वयाशी बांधू नये, असा त्यांचा निश्चय होता. म्हणून ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. आठव्या वर्षी विवाहानंतर थोड्याच महिन्यांत त्यांना वैधव्य आले होते. याच पुढे आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे, या नावाने प्रसिद्ध झाल्या. मुरूडच्या लोकांनी अण्णासाहेबांवर बहिष्कार घातला. त्यांच्या वृद्ध मातेसही त्याची झळ पोहोचली. अण्णासाहेबांनी कोणास कटुशब्द बोलला नाही आणि आपला मार्गही सोडला नाही.

पुनर्विवाहाविषयी त्या काळी समाजात तीव्र मतभेद होते. परंतु ज्या विधवेस विवाह करावयाचा नाही, तिच्या अन्नवस्त्राचे, विद्येचे व मानाचे काय, हा प्रश्न सर्वांच्याच विवेकास स्पर्श करणारा होता. १८९६ साली डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही, हे बंधन अण्णासाहेबांनी स्वतःवर घालून घेतले. ज्याने त्या कारणास्तव बहिष्कार सोसला, त्यानेच आपले प्रिय मत बाजूस ठेवावे, हा केवढा संयम ! त्यांचा हेतू स्पष्ट होता. पालकांचा विश्वास बसला नाही तर ज्या मुलींना आश्रयाची सर्वाधिक गरज आहे त्या कधीच आश्रमापर्यंत पोहोचणार नाहीत. शिवाय आश्रय देणाऱ्याने आश्रिताच्या जीवनाचा निर्णय आपल्या हाती घेऊ नये, हेही त्यातून साधले.

पुढे रावबहादूर गोखले यांनी पुण्याजवळ हिंगणे येथे जागा दिली आणि १९०० साली आश्रम त्या माळावर एका साध्या झोपडीत गेला. गावात प्लेगची भीती, आश्रमाकडे जाण्यास धड रस्ता नाही. कॉलेजातील अध्यापन संपवून अण्णासाहेब सायंकाळी सुमारे चार मैल चिखल तुडवीत हिंगण्यास जात, मुलींना शिकवीत आणि परत येत. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. आपल्या संचितातील द्रव्य व आयुर्विम्याची पॉलिसीदेखील त्यांनी आश्रमास दिली. बाया कर्वे यांना प्रपंचाची चिंता वाटे व त्या ती बोलूनही दाखवीत. या त्यागाचा अर्धा भार त्या माउलीने वाहिला, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

आश्रमात केवळ अन्न मिळत नसे. येथे मुली लिहावाचावयास शिकत, अध्यापिका होत, स्वतःच्या पायांवर उभ्या राहत. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या. त्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि गावोगाव फिरून आश्रमासाठी द्रव्य मिळवू लागल्या. १९१८ साली तर त्या अमेरिकेसही गेल्या. जी काल रक्षणीय होती ती आज इतरांची रक्षक झाली. दयेची पूर्णता याहून वेगळी कोणती ?

१९०८ साली अण्णासाहेबांनी कार्यकर्त्यांचा एक संघ उभारला आणि त्यास निष्काम कर्म मठ असे नाव दिले. आपले आयुष्य मठास अर्पण करावे, स्वतःसाठी द्रव्यसंचय करू नये, मठ देईल त्यात संतुष्ट राहावे, असे त्याचे व्रत होते. कर्मकांडाकडे त्यांचा ओढा नव्हता; परंतु गीतेतील निष्काम कर्माचा उपदेश त्यांनी आश्रमाच्या चुलीपर्यंत व हिशेबाच्या वहीपर्यंत नेला. फळाची आशा धरणारा सेवक कृतज्ञता न दिसताच खचतो; कर्तव्य म्हणून सेवा करणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. निराधारास तर नित्य येणाराच हवा असतो.

१९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लाख रुपयांचे दान दिले आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास मिळाले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, राष्ट्राने अण्णासाहेबांना भारतरत्न ही पदवी अर्पिली. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी १०४ वर्षांचे हे कृतार्थ जीवन समाप्त झाले. हिंगण्याचा तो माळ आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि त्यांची संस्था तेथे अद्याप कार्य करीत आहे.

आता कायद्याने बरेच केले आहे. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेस मिळकतीत वाटा दिला. २००५ च्या कायद्यान्वये घरात छळ सोसणाऱ्या स्त्रीस संरक्षण अधिकाऱ्याचे साहाय्य मिळते. २००७ च्या कायद्यान्वये वृद्ध मातापित्यांस मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, परतही मिळविता येते. दिल्ली-गाझियाबादकडून यात्रेस जाणाऱ्यांनी वृंदावनात निराधार विधवा पाहिल्या असतील. तेथे २०१८ साली एक हजार स्त्रियांसाठी कृष्ण कुटीर हे निवासस्थान उघडण्यात आले. असे निवास हवेतच. परंतु तेथे येणारी प्रत्येक माता कोणत्या ना कोणत्या घरातून आलेली असते, हे आपण ध्यानी घ्यावे.

म्हणून, सद्गृहस्थहो, आज रात्री भोजनास बसताना पाहा : आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते ? कोणाच्या औषधाचा विसर पडतो ? कोणाच्या नावावरील पैसा त्याला न विचारता खर्च होतो ? त्या व्यक्तीजवळ एकांतात बसावे, तिचे म्हणणे शांतपणे ऐकावे आणि तिची इच्छा काय आहे ते आधी विचारावे. शेजारच्या घरात असे दुःख दिसले तर तो परक्याचा प्रश्न म्हणून दृष्टी फिरवू नये. अण्णासाहेब रोज चार मैल चालत गेले. आपणास बहुधा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावयाचे आहे. भगवान तेवढी पावले टाकण्याची बुद्धी आपणा सर्वांस देवो.