तंजावरचे सरफोजी राजे

मागच्या सत्रात माझी कॉर्पोरलची फीत गेली. सुटीत मी घरी कोणाशी धड बोलत नव्हतो. मग बाबा तंजावरला घेऊन गेले.

तिथे बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. तो १८०३ साली दुसऱ्या सरफोजी राजांनी कोरवला. त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांनी त्यांना दत्तक घेतले, पण १७८७ मध्ये तुळजाजी वारले आणि गादीवर अमरसिंह बसले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने सरफोजींना शिकवले. १७९८ मध्ये गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षी तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला.

राजे रुसून बसले नाहीत. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, देवनागरी छापखाना काढला, धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास चालवला, पशुपक्ष्यांची हुबेहूब चित्रे काढून घेतली. १८३२ साली ते वारले. ग्रंथालय आजही चालू आहे.

शिलालेखाजवळ उड्या मारणारा एक कोळी दिसला. त्याचा फोटो काढला. कोळ्याचे कुळ ओळखताना डोळ्यांची मांडणी पाहतात. याला समोर चार डोळे होते, मधले दोन खूप मोठे. म्हणजे कुळ साल्टिसिडे. नेमकी जात ठरवायला सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून वहीत कुळ लिहिले आणि जातीची जागा रिकामी ठेवली.

शाळेत परतल्यावर पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेची परवानगी मागितली. फितीबद्दल काही विचारले नाही.