आल्फ्रेड ब्यूखी

आल्फ्रेड ब्यूखी (११ जुलै १८७९ – २७ ऑक्टोबर १९५९) हे स्विस यंत्र अभियंते आणि संशोधक होते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या शक्तीवर चालणाऱ्या टर्बोचार्जरचे जनक म्हणून ते ओळखले जातात. या कल्पनेचे पेटंट त्यांनी १९०५ मध्ये घेतले, मात्र ती व्यवहारात यशस्वी होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. आज जहाजे, रेल्वे इंजिने, मालमोटारी आणि मोटारी यांमध्ये टर्बोचार्जर सर्रास वापरला जातो.

सुरुवातीचे जीवन आणि शिक्षण

ब्यूखी यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील विंटरटूर या औद्योगिक शहरात झाला. यंत्रनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेली सुल्झर ही कंपनी याच शहरातील. महाराष्ट्रात हे नाव कापड गिरण्यांतील सुल्झर मागांमुळे परिचित आहे. ब्यूखी यांचे वडील या कंपनीत वरिष्ठ पदावर होते. त्यामुळे यंत्रशाळेचे वातावरण त्यांना लहानपणापासून जवळचे होते. झुरिक येथील संघीय तंत्रशिक्षण संस्थेतून त्यांनी १९०३ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळवली. त्यानंतर काही काळ बेल्जियम आणि इंग्लंड येथे नोकरी करून ते विंटरटूरला परतले व सुल्झरमध्ये डिझेल इंजिनांच्या संशोधनात रुजू झाले.

मूळ कल्पना आणि १९०५ चे पेटंट

अंतर्ज्वलन इंजिनात इंधन जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी थोडाच भाग प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्या उष्णतेचा काही भाग थंड करणाऱ्या पाण्यात जातो, तर मोठा भाग धुराड्यावाटे हवेत मिसळतो. वाया जाणारी ही उष्णता कामाला लावता येईल का, हा प्रश्न ब्यूखी यांना विद्यार्थिदशेनंतर लवकरच पडला.

इंजिनाची शक्ती सिलिंडरमध्ये किती इंधन जळते यावर अवलंबून असते आणि इंधन जळण्यासाठी त्या प्रमाणात हवा लागते. दट्ट्या खाली येताना स्वतः जेवढी हवा ओढून घेतो तेवढ्यावर साधे इंजिन चालते. हीच हवा आधी दाबून आत सोडली तर त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये अधिक हवा मावते, अधिक इंधन जाळता येते आणि शक्ती वाढते. हवा दाबण्यासाठी कॉम्प्रेसर लागतो. तो इंजिनाच्या दांड्यावर पट्ट्याने किंवा दंतचक्राने चालवला, तर मिळालेल्या शक्तीचा काही भाग त्यातच खर्ची पडतो. बाहेर पडणाऱ्या वायूंच्या झोताने एक टरबाइन फिरवावे आणि त्या टरबाइनने कॉम्प्रेसर चालवावा, असा मार्ग ब्यूखी यांनी सुचवला.

नोव्हेंबर १९०५ मध्ये त्यांनी जर्मनीत या कल्पनेचे पेटंट नोंदवले. त्यातील रचनेत कॉम्प्रेसर, डिझेल इंजिन आणि टरबाइन हे तिन्ही एकाच दांड्यावर होते. टरबाइन व कॉम्प्रेसर यांची जोडी इंजिनाच्या दांड्यापासून मोकळी करून स्वतंत्र गतीने फिरू देण्याची रचना पुढे रूढ झाली.

अपयशाची वर्षे

१९११ पासून सुल्झरमध्ये या कल्पनेवर प्रयोग सुरू झाले. कागदावर सोपी वाटणारी ही रचना चाचणीत मात्र पुरेसा दाब टिकवून धरू शकली नाही. यामागे अनेक कारणे होती. तप्त वायूंच्या झोतात दीर्घकाळ टिकणाऱ्या धातूंचा त्या काळी अभाव होता. अतिशय वेगाने फिरणाऱ्या दांड्यासाठी भरवशाचे बेअरिंग व वंगणव्यवस्था तयार करणे कठीण होते. त्या वेळचे कॉम्प्रेसर आणि टरबाइनही फारसे कार्यक्षम नव्हते.

यांहून मूलभूत अडचण वेगळी होती. टर्बोचार्जर हा इंजिनाला बाहेरून जोडायचा सुटा भाग आहे, असे गृहीत धरले जात होते. प्रत्यक्षात त्याच्या जोडणीने इंजिनाचे सारे संतुलनच बदलते. वायूंच्या वाटेत टरबाइन आले की त्यांना अडथळा होतो आणि सिलिंडर पूर्ण रिकामा होत नाही. आत राहिलेला जळका वायू ताज्या हवेची जागा अडवतो. शिवाय वाढलेल्या दाबामुळे व उष्णतेमुळे दट्ट्या आणि झडपा यांवरचा ताण वाढतो. त्यामुळे नळ्यांची मांडणी आणि झडपांची वेळ यांचा नव्याने विचार करणे भाग होते. जुन्या रचनेत नवी शक्ती बसवताना येणारी ही अडचण सोडवण्यात ब्यूखी यांची पुढील दहा वर्षे गेली.

याच काळात पहिले महायुद्ध सुरू झाले आणि विमानांच्या इंजिनांसाठी हीच कल्पना इतरत्र पुढे आली. उंचावरील विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते. यावर उपाय म्हणून फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो यांनी टर्बोचार्जर तयार केले. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर टर्बोचार्जर जोडलेल्या विमान इंजिनाची चाचणी घेतली.

१९२५ चे यश

स्वित्झर्लंडमधील बाडेन येथील ब्राउन बोव्हेरी या कंपनीला टरबाइन आणि कॉम्प्रेसर बनवण्याचा मोठा अनुभव होता. जून १९२४ मध्ये या कंपनीने तयार केलेला पहिला मोठा टर्बोचार्जर विंटरटूर येथील रेल्वे इंजिन कारखान्याच्या चाचणी इंजिनासाठी रवाना झाला.

१९२५ मध्ये ब्यूखी यांनी आणखी एक पेटंट घेतले आणि त्यातून कोंडी फुटली. सर्व सिलिंडरांचे वायू एकाच मोठ्या नळीत सोडण्याऐवजी त्यांनी सिलिंडरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला अरुंद, स्वतंत्र नळी दिली. त्यामुळे झडप उघडताच उसळणारा वायूचा ठोका विरून न जाता थेट टरबाइनवर आदळतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी नळीतील दाब उतरतो. त्याच क्षणी आत घेणारी आणि बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा थोडा वेळ एकत्र उघड्या ठेवल्या, की दाबलेली ताजी हवा जळका वायू बाहेर लोटते आणि सिलिंडरही थंड करते. सिलिंडरांचे गट पाडताना कोणाचा ठोका कोणाच्या आड येणार नाही, हे पाहावे लागते. चार फेऱ्यांच्या इंजिनात एका नळीवर तीन सिलिंडर असावेत आणि त्यांच्या ज्वलनात समान अंतर असावे, ही मांडणी यासाठी सोयीची ठरली.

याच सुमारास जर्मनीच्या ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन प्रवासी जहाजांसाठी ब्यूखी यांच्या देखरेखीखाली टर्बोचार्जर बनवण्यात आले. त्यांतील दहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढली. १९२६ मध्ये ही जहाजे सेवेत आली. त्याच वर्षी ब्यूखी, ब्राउन बोव्हेरी आणि विंटरटूरचा रेल्वे इंजिन कारखाना यांनी एकत्र येऊन ‘ब्यूखी सिंडिकेट’ स्थापन केले. अभियांत्रिकी आणि ग्राहकांशी संपर्क ब्यूखी यांच्याकडे, टर्बोचार्जरची निर्मिती ब्राउन बोव्हेरीकडे आणि चाचणीची इंजिने कारखान्याकडे, अशी कामाची विभागणी होती. १९३८ मध्ये सौरर या स्विस कंपनीने मालमोटारीसाठी टर्बोचार्जरयुक्त डिझेल इंजिन तयार केले.

निधन

२७ ऑक्टोबर १९५९ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी ब्यूखी यांचे विंटरटूर येथे निधन झाले. टर्बोचार्जर बसवलेली, सर्वसामान्यांसाठी विक्रीस आलेली मोटार त्यांना पाहता आली नाही. ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्वेअर मॉन्झा स्पायडर या अशा पहिल्या मोटारी १९६२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आल्या.

वारसा

भारतात टर्बोचार्जर प्रथम मुख्यतः डिझेल इंजिनांतून रुळला. छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) जवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया मोटारीची जुळणी सुरू झाली. तिच्या डिझेल इंजिनाला टर्बोचार्जर होता. २००४ मध्ये आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस या आवृत्तीत १.८ लिटरचे, १५० अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन होते.

अशा प्रकारचे इंजिन काढून जुन्या मोटारीत बसवण्याचे प्रयोग जगभर हौशी मंडळी करतात. त्यांना भेडसावणारा प्रश्न ब्यूखी यांच्या प्रश्नाशी मिळताजुळता असतो. इंजिन जागेवर बसते, पण भोवतीची व्यवस्था त्याच्याशी जुळत नाही. दाबलेली तप्त हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरसाठी मूळ गाडीत जागा नसते. टर्बोचार्जरला वंगण पुरवणारी आणि ते परत नेणारी नळी नव्याने टाकावी लागते. कार्बोरेटरच्या गाडीतील इंधनपंपाचा दाब नव्या इंजिनाला पुरत नाही. रेडिएटर, क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक हेही मूळच्या कमी शक्तीला साजेसे असतात.

सर्वांत किचकट काम वायरिंगचे असते. जुन्या मोटारीत मोजक्या तारा आणि थोडेच फ्यूज असतात. नव्या इंजिनाचे नियंत्रण मात्र संगणकीय कक्षाकडे असते. हवेचे प्रमाण, भरणदाब, तापमान आणि दांड्याची स्थिती सांगणाऱ्या संवेदकांकडून त्याला सतत माहिती लागते. यांपैकी एखादी जोडणी चुकली किंवा अर्थिंग कच्चे राहिले, तर इंजिन सुरू होत नाही किंवा पूर्ण शक्ती देत नाही. चोरी रोखणारी इमोबिलायझर यंत्रणा अनेकदा मूळ गाडीची चावी आणि डॅशबोर्डवरील मापकसंच यांच्याशी बांधलेली असते. म्हणून केवळ इंजिन विकत घेऊन भागत नाही. त्याच गाडीचा तारांचा संपूर्ण जुडगा, नियंत्रण कक्ष, मापकसंच आणि चावी हे सारे एकत्र मिळवणे सोयीचे ठरते. याशिवाय भारतात इंजिनाचा क्रमांक वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर असतो आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. त्यामुळे नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय असे वाहन रस्त्यावर आणता येत नाही.

सिलिंडरांचे गट पाडून वायूंचे ठोके वेगळे ठेवण्याचे ब्यूखी यांचे तत्त्व आजच्या दुहेरी मार्गाच्या टर्बोचार्जरमध्येही वापरले जाते. टर्बोचार्जर, नळ्या, झडपा आणि इंजिन यांची रचना परस्परांना अनुरूप असावी लागते, हे त्यांच्या वीस वर्षांच्या प्रयोगांतून सिद्ध झाले.