डोंबिवली स्टेशनवर सुचलेलं ब्लॉक पझल : द. रा. कापरेकर

सकाळच्या लोकलमध्ये दोन बोटं हलवण्याइतकी जागा मिळाली की मी ब्लॉक पझल उघडतो. आधी ठोकळा आला की दिसेल त्या कोपऱ्यात टाकायचो आणि ठाणे यायच्या आत आउट व्हायचो. स्कोअर सुधारला तो एका शाळामास्तरांमुळे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

जन्म १९०५, डहाणू. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक. नंतर १९३० ते १९६२ देवळालीत मास्तरकी.

त्यांच्या काही संख्यांचं नाव आहे डेम्लो. जीआयपी रेल्वेवरचं डेम्लो, म्हणजे आपलं डोंबिवली! कल्पना तिथेच सुचली म्हणून हे नाव. यातल्या सगळ्यात देखण्या संख्या अशा बनतात: १११ एकाखाली एक तीनदा लिहा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. उभ्या रांगांत किती एकक जमले ते मोजा. १, २, ३, २, १. झाला १११ चा वर्ग, १२३२१. नऊ एककांपर्यंत हे चालतं, दहाव्याला हातचा येतो आणि आकार मोडतो.

हे बघून मला गेममधली चूक कळली. मी ठोकळा बघत होतो, रांगा मोजतच नव्हतो. आता तिन्ही ठोकळे आधी बघतो, कुठल्या आडव्या-उभ्या रांगेत किती घरं बाकी आहेत ते मोजतो आणि तीन बाय तीनची जागा शक्यतो मोकळी ठेवतो. एकट्या घराचं भोक तर पडूच देत नाही.

कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, त्यामुळे इथल्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांना हसण्यावारी नेलं. १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. (हे वाचून मला खरंच राग आला होता.) १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'च्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. पाच घरांचे ठोकळे, पेंटोमिनो, घराघरांत पोचवणारं सदरही हेच. १९८६ मध्ये कापरेकर गेले.

त्यांचा १९४९ चा शोध तुमच्या फोनवरच करून बघा. कुठलेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. समजा ३५२४. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा: ५४३२ – २३४५ = ३०८७. परत तेच: ८७३० – ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ – २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. डोंबिवलीला गाडीत चढून सुरू केलंत तर कल्याणच्या आत होईल.